वरच्यानं बोलायचं नाही

लोखंडी कपाट जिन्यावरून उतरवायला दोन माणसं लागतात, एक खाली आणि एक वर. बघणाऱ्याला वाटतं, दोघांनी वजन निम्मं निम्मं वाटून घेतलं असेल. सपाट जमिनीवर तसं असतंही. पण जिन्यात कपाट तिरकं झालं की वजन खालच्या बाजूला झुकतं आणि खालच्या माणसाच्या छातीवर येऊन बसतं. वरचा निदान सरळ उभा राहून मागे ओढून धरू शकतो. खालच्याला उलटं उतरावं लागतं, पायरी दिसत नाही, पायानं चाचपत जावं लागतं. म्हणून सामान हलवणाऱ्यांच्या धंद्यात एक नियम आहे. बोलायचं ते खालच्यानं. तो 'थांब' म्हणाला की वरचा थांबतो, 'चल' म्हणाला की चालतो, 'वाक' म्हणाला की वाकतो. वरच्यानं बोलायचं नाही. जिन्यात दोन तोंडं झाली की चारही पाय चुकतात, हे या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात.

ओळंबा जन्मभर खाली उभा राहिला. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. कुठल्याशा इमारतीवर एका गवंड्यानं या माणसाला पाठीवर फ्रिज घेऊन चालताना पाहिलं आणि हे नाव ठेवलं, कारण एवढ्या ओझ्याखालीही माणूस दोरीत धरल्यासारखा सरळ होता. नाव असं चिकटलं की पुढं सासुरवाडीची माणसंही तेच म्हणायला लागली. त्यालाही ते आवडायचं. स्वतःच्या सरळपणाचा त्याला थोडा जास्तच अभिमान होता, आणि अभिमान ही वस्तू अशी की ती खांद्यावर घ्यायला सोपी आणि उतरवायला फार अवघड.

नव्या माणसाला तो पहिल्यांदा उभं राहायला शिकवायचा. "माणूस म्हणजे चार विटांचा ढीग," तो म्हणायचा. "पाय, कंबर, छाती, डोकं. एकावर एक नीट ठेवल्या तर हाडं भार घेतात, तुला काही कळतसुद्धा नाही. एक वीट पुढं सरकली की बाकीच्यांना तिला ओढून धरत बसावं लागतं." मग त्या माणसाच्या हातात पाण्यानं भरलेली बादली द्यायचा. आधी अंगाशी धरायला लावायचा, नंतर वाकून हातभर पुढं. "बादली तीच आहे ना? पण पाठीला विचार. तिला आता पाच-सहा बादल्या लटकल्यात." शेवटी ठरलेलं वाक्य यायचं, "आणि एक लक्षात ठेव. वजन कुठं जात नाही. तू टाकलंस तर ते दुसऱ्या कुणीतरी उचललेलं असतं."

हे सगळं त्याला पाठ होतं, म्हणूनच पुढं जे झालं ते सांगताना मला त्याचा राग येतो.

त्याचा जुना जोडीदार गुडघ्यांनी जेरीस येऊन मुलाकडे राहायला गेला, त्याच सुमारास जावयाची नोकरी सुटली. जावई फोटो स्टुडिओत कामाला होता. चष्मा लावणारा, हळू बोलणारा, लहान मुलांना कॅमेऱ्यासमोर हसवणारा माणूस. आता लोक स्वतःचे फोटो स्वतःच काढतात, तेव्हा मालकानं एक दिवस दुकानाला कुलूप लावलं. इकडं तिकडं हात-पाय मारून झाले आणि मग ओळंबाच म्हणाला, "या आमच्या धंद्यात. वर उभं राहायचं, मी सांगतो तेवढं करायचं. उंटावरून शेळ्या मी हाकतो." आता उंटावर खरं तर जावईच असणार होता, पण सासऱ्याच्या विनोदात चूक काढायची नसते.

सासूला हे पटलं नव्हतं. जावयानं ओझी वाहायची म्हणजे काय? त्याहून तिला खटकायचं ते बोलणं. घरी ओळंबा "या, बसा, चहा घ्या जावईबापू" असा अघळपघळ आणि जिन्यात "वाक रे, झोपलास का?" एकदा तिनं ते खालून ऐकलं आणि संध्याकाळभर नवऱ्याशी बोलली नाही. जावई मात्र हसून म्हणाला, "आत्या, जिन्यात अहो-जाहो करेपर्यंत कपाट खाली पोचेल."

लेकीनं वेगळीच गोष्ट काढली. तिला दिवस गेले होते. बाबा एकटे सापडले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, एक कबूल करा. त्यांना कधी खाली उभं करायचं नाही."

"माझ्याशिवाय खाली कुणी उभं राहिलंय का आजवर?"

"तसं नाही. कबूल करा."

"केलं. मी आहे तोवर तो वरच."

तिला बरं वाटलं. त्यालाही वाटलं. वर असला म्हणजे माणूस सुरक्षित, हा धंद्यातला समज होता आणि तो खोटाही नव्हता.

मग चपलेचं झालं. कामाच्या वेळी ते दोघं कॅनव्हासचे बूट घालायचे, येता-जाता साध्या चपला. एका संध्याकाळी ओळंबा घरी आला, दारात चपला काढायला वाकला आणि बघतो तर डाव्या पायात चप्पलच नाही. पाय धुळीनं माखलेला, अंगठ्याला ठेच लागून रक्त आलेलं, आणि त्याला पत्ता नव्हता. चप्पल कुठं सुटली, किती वेळ तो एका पायानं अनवाणी चालला, काही कळलं नव्हतं. बायको खो खो हसली. "एक कुणाला दान केली? द्यायची तर जोडी तरी द्यायची." लेकही हसली, जावई हसला, मग ओळंबाही हसला. पुढं कितीतरी दिवस घरात काही हरवलं की 'बाबांच्या चपलेबरोबर गेलं' असं म्हणायची पद्धतच पडली.

रात्री सगळे निजल्यावर त्यानं डाव्या पोटरीला चिमटा काढला. मग जोरात काढला. पाय दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा गप्प पडून होता.

खालचा माणूस पायानं बघतो. त्याचाच डोळा गेला होता. डॉक्टरकडे जावं, हे काय त्याला कळत नव्हतं? पण डॉक्टर म्हणणार, काम बंद करा. काम बंद केलं की जावयाला दुसऱ्या कुणाच्या तरी जोडीला जावं लागणार, आणि परका माणूस नवशिक्याला खालीच ढकलणार. लेकीला दिलेला शब्द मोडणार. असा हिशेब त्यानं मांडला, आणि तो त्याला इतका सरळ दिसला की बोलून दाखवायची गरज वाटली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

उपायही सापडला, तोही चुकून. ओझ्याखालून घेतलेला पट्टा दोघांच्याही खांद्यांवरून जायचा आणि बकलानं कमी-जास्त करता यायचा. एकदा घाईत त्याच्या बाजूचा पट्टा आखूड राहिला. त्याची बाजू वर उचलली गेली, कपाटाचा तिरकेपणा कमी झाला आणि छातीवरचं वजन एकदम हलकं झालं. जिन्याच्या वळणावर तो म्हणाला, "वाक." वरचा वाकला, तशी वरची बाजू खाली आली, कपाट आणखी आडवं झालं. पाय टेकायला, चाचपायला, खात्री करून घ्यायला त्याला सवड मिळाली. त्या दिवसापासून त्याचा पट्टा आखूडच राहिला, आणि जिन्यात एक शब्द वरचेवर यायला लागला. वाक. अजून वाक. तसाच राहा.

हातभर पुढं वाकून धरलेली बादली तेव्हा त्याला आठवली नाही. की आठवली आणि त्यानं तिकडं पाठ फिरवली? मला वाटतं, आठवली.

जावई वाकत राहिला. वरच्यानं बोलायचं नसतं.

घरात खुणा दिसायला लागल्या होत्या. जावई खुर्चीवर बसेनासा झाला, भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसायचा. पाण्याची बादली उचलायची वेळ आली की आधी उगाच इकडं तिकडं बघायचा. लेक आईला म्हणाली, "हे हल्ली गादीवर झोपतच नाहीत. फरशीवर बरं वाटतं म्हणतात." आईनं गरम पाण्याची पिशवी दिली. ओळंबा तिथंच बसला होता. "अंग मुरतंय," तो म्हणाला. "पहिल्या वर्षी सगळ्यांचं दुखतं."

बायकोनं त्याच्याकडे बघितलं. "अंग मुरतंय का पाणी मुरतंय, ते तुम्हालाच ठाऊक," ती म्हणाली आणि आत गेली.

एका सुट्टीच्या दिवशी लेकीनं हट्ट धरला, बाळ यायच्या आधी सगळ्यांचा एक फोटो हवा. जावयानं स्टुडिओतून मिळालेला जुना कॅमेरा काढला, सगळ्यांना भिंतीशी उभं केलं आणि डोळा लावला. बराच वेळ त्यानं काही केलं नाही. मग म्हणाला, "मामा, जरा उजवीकडे. तुम्ही झुकताय."

"मी? भिंत झुकली असेल."

"डाव्या पायावर भार देत नाही तुम्ही."

ओळंबा हसला, पण आवाज चढला होता. "फोटोत झुकत असेन. जिन्यात झुकत नाही. काढा फोटो."

जावयानं फोटो काढला. त्याला कळलं होतं. ओळंबाला हेही कळलं की त्याला कळलंय. त्यानंतर दोघांत त्यावर एक शब्द झाला नाही. उलट दुसऱ्या दिवशी जिन्यात 'वाक' म्हणायच्या आधीच जावई वाकला. ओळंबाला त्या क्षणी बरं वाटलं. पोरगा तयार झाला, असं तो स्वतःशी म्हणाला.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचं घर हलवायचं होतं. चौथा मजला, लिफ्ट अशी की त्यात दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं श्वास रोखावा. यंत्रं, कापडाचे गठ्ठे, आरसा, सगळं सकाळीच उतरलं. राहिलं ते कपाट. जुन्या काळचं, जाड पत्र्याचं, आत तिजोरीचा कप्पा. रिकामं करूनही भिंतीसारखं जड. बाई म्हणाल्या, "चढवताना चौघं होते हो."

ओळंबानं कपाटाला हात लावला आणि थोडं कलवून बघितलं. आणखी दोघं बोलवावेत, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. पण चौघांत खाली दोघं लागतात. दुसरा कोण, हा प्रश्न आला असता, आणि वरच्या दोघांपैकी एखादा त्याच्याकडे नीट बघत बसला असता. त्यानं पट्टा खांद्यावर घेतला, बकल आत ओढलं. मग आणखी एक भोक आत ओढलं.

जावई ते बघत होता. चष्मा काढून त्यानं खिशात ठेवला आणि आपल्या जागी जाऊन उभा राहिला.

"चल."

पहिला मजला उतरेपर्यंत ओळंबाचं सगळं लक्ष डाव्या पायात होतं. पाय मागे सोडायचा, पायरीची कड लागली असं समजायचं, मग पोटरीकडून नाही तर मांडीकडून खात्री करून घ्यायची. प्रत्येक पायरीला त्याला वाटत होतं, हीच. हाच तो क्षण. पाय हवेत पडेल आणि सगळं अंगावर येईल. मनात तो पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, पडलो तर मी पडेन, तो वर आहे.

"वाक."

पट्टा हलका झाला.

दुसरा मजला. वळणावर कपाट भिंतीला घासलं, चुन्याचे कपचे पडले. एका दारातून कुणीतरी डोकावलं आणि दार लावून घेतलं. वरून एक थेंब त्याच्या कपाळावर पडला. घाम. मग दुसरा. आणि मग त्याला पत्र्यातून एक थरथर जाणवली. बारीक, सारखी, पाण्याच्या पंपाला हात लावल्यावर लागते तशी. वजन उचलणारे हात थरथरले की ती थरथर वस्तूतून दुसऱ्या टोकाला पोचते. हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्यानं मान वर केली. कपाटाच्या कडेवरून त्याला फक्त जावयाचं कपाळ दिसलं, राखेसारखं पांढरं.

"ठेवायचं का?" असं विचारायला हवं होतं. पण पायरीवर ठेवलेलं कपाट पुन्हा उचलायला खालच्याला दोन्ही पायांनी रेटा द्यावा लागतो, आणि त्याच्याकडे एकच पाय होता.

"थोडंच राहिलं," तो म्हणाला. "वाक. अजून वाक."

जावई वाकला. मग शिवण घालताना यंत्राचा दोरा तुटतो ना, तसं काहीतरी बारीकसं झालं. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच वरून आवाज आला.

"मामा."

हाक फार हळू होती, स्टुडिओतल्या लहान मुलाला दचकवायचं नसतं तेव्हा मारायची तशी. पाठोपाठ कपाट आलं. सगळं, अख्खं, जिन्याच्या उतारानं. ओळंबानं छाती लावली, खांदा कठड्याशी दाबला आणि कपाटाचा कोपरा भिंतीकडे लोटला. पत्रा भिंतीत रुतला, कठडा करकरला, आणि भिंत, कठडा आणि माणूस या तिघांत ते कपाट अडकून उभं राहिलं. डावा पाय पायरीवर होता. ज्या पायाच्या भीतीनं त्यानं इतकं सगळं केलं होतं, तो पाय खिळा ठोकल्यासारखा उभा राहिला. तसूभरही हलला नाही.

माणसं धावली. कुणी दोर आणला, कुणी खालून हात लावले. कपाट वळणावर आडवं झालं तसा ओळंबा त्याच्यावरून चढून वर गेला.

जावई पायरीवर बसला होता. कुठं खरचटलं नव्हतं, रक्त नव्हतं. भिंतीला पाठ टेकून, दोन्ही हात मांडीखाली घालून बसला होता.

"लागलं का?" ओळंबानं विचारलं.

"नाही, दुखत नाही आता," तो म्हणाला. मग जरा थांबून, अगदी साध्या आवाजात, "मामा, बघा ना, माझे बूट निघालेत का पायातून?"

ओळंबानं बघितलं. दोन्ही बूट पायात होते. नाड्या सकाळी बांधल्या तशाच घट्ट होत्या. त्यानं खाली बसून उजवा बूट हातात धरला, दाबला, मग डावा धरला. जावई त्याच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होता, हात लागल्याचं त्याला कळलंच नव्हतं.

"आहेत," ओळंबा म्हणाला. "आहेत रे बाळा, दोन्ही आहेत." जिन्यातही त्यानं त्याला असं कधी म्हटलं नव्हतं, आणि घरातही नाही.

हॉस्पिटलात जावयाला आत नेलं. मणक्यातली गादी सरकून आतल्या नसा दाबल्यात, ताबडतोब ऑपरेशन करावं लागेल, पुढचं पुढं बघू, एवढं सांगून डॉक्टर गेले. असं एका दिवसात होत नाही, बरेच दिवस पाठ बोलत असणार, तुम्हाला कुणालाच काही म्हणाले नाहीत का, असंही जाता जाता त्यांनी विचारलं.

लेक आईचा हात धरून आली. पोटावर हात ठेवून सावकाश बाकावर टेकली. तिनं वडिलांना डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. शर्टाला चुना लागला होता, बाकी सगळं धड होतं.

"खाली कोण होतं?" तिनं विचारलं.

"मी."

"हे वर होते ना?"

"वरच होता. तुला शब्द दिला होता."

"मग त्यांना कसं झालं?" तिला खरंच कळत नव्हतं. इतक्या महिन्यांत तिनंही धंद्याचा तो समज पाठ केला होता. "बाबा, खाली तुम्ही होता. वजन तुमच्याकडं असतं. मग त्यांना कसं झालं?"

बायको त्याच्या पायांकडे बघत होती. त्याला सांगता आलं असतं, जिना अरुंद होता, कपाट भारी होतं, नशीब. लेकीनं विश्वासही ठेवला असता. तो उभा राहिला, मग उभं राहणंच नकोसं झालं आणि पुन्हा बसला.

"माझं वजन त्याच्याकडं होतं," तो म्हणाला. "माझ्या पायाला काही कळत नाही. मी पट्टा आखूड करायचो आणि त्याला वाकवायचो. त्याला ठाऊक होतं."

"आणि ते काही बोलले नाहीत?"

"मीच शिकवलं होतं, बोलायचं नाही म्हणून."

लेकीनं हळूच आपला हात आईच्या हातातून सोडवून घेतला आणि पोटावर दुसऱ्या हाताशेजारी ठेवला. तिचा आवाज अजिबात चढला नाही.

"कधीपासून, बाबा?"

"चप्पल हरवली तेव्हापासून."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्या चपलेवर सगळ्यात जास्त तीच हसली होती.